कार-टी थेरपी: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

थोडं आधी सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, बायोटेक शिकलेय आणि ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांशी बोलणं बरंच होतं. ते सगळे कार-टीबद्दल (म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या पेशी लॅबमध्ये बदलून परत द्यायची ट्रीटमेंट) फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. कोणाला द्यायची, कधी द्यायची हे तुमचे हिमॅटॉलॉजिस्ट म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर ठरवणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं एवढं इथून कळलं तरी पुष्कळ.

भारतात कॅन्सरचं इंजेक्शन आलंय म्हणे, एका डोसात कॅन्सर बरा. खरं आहे का?

अर्धं खरं आहे आणि ते अर्धं खरंच भारी आहे. उरलेलं व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड होता होता चिकटलेलं आहे.

खरी गोष्ट अशी की ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी म्हणजे सीडीएससीओने नेक्सकार१९ नावाच्या थेरपीला मंजुरी दिली. भारतात बनलेली ही पहिली कार-टी थेरपी. पवईच्या आयआयटी बॉम्बेच्या लॅबमध्ये डॉ. राहुल पुरवार यांच्या टीमने ती तयार केली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी पेशंटवर ट्रायल घेतल्या, आणि आयआयटीतूनच निघालेली इम्युनोअॅक्ट ही कंपनी ती नवी मुंबईत बनवते. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पवईला आल्या होत्या तेव्हा त्याचा रीतसर शुभारंभ झाला, फॉरवर्डमध्ये फिरणारा फोटो बहुतेक तेव्हाचाच.

पण ही "कॅन्सरवर" नाही, काही ठराविक ब्लड कॅन्सरवर आहे. आणि मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून मिळेल असं इंजेक्शनही नाही, प्रत्येक पेशंटसाठी त्याच्याच रक्तातून वेगळी बनवावी लागते.

म्हणजे नक्की करतात काय? सोप्या भाषेत सांगा ना.

आपल्या रक्तात टी पेशी असतात, त्यांचं कामच मुळी व्हायरस लागलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी शोधून मारायचं. कॅन्सरच्या पेशी यांना चकवतात. तर पेशंटच्या टी पेशी बाहेर काढायच्या, लॅबमध्ये त्यांच्यात एक नवीन जीन घालायचा, त्या जीनमुळे पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर उगवतो (त्याचंच नाव कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर, म्हणून कार), आणि हा रिसेप्टर समोरच्या पेशीवरचं एक विशिष्ट प्रोटीन ओळखतो. नेक्सकार१९ मध्ये ते प्रोटीन म्हणजे सीडी१९. ते बी पेशींवर असतं, चांगल्या बी पेशींवरही आणि बी पेशींपासून झालेल्या कॅन्सरवरही.

मग अशा पेशी लॅबमध्ये वाढवून पेशंटला परत चढवायच्या. त्या आत गेल्यावर स्वतःच वाढतात, विरजण लावल्यासारखं, त्यामुळे पिशवी एवढीशी दिसली तरी घाबरू नका. बाकी औषधं शरीरात गेल्यावर कमी कमी होत जातात आणि हे सुरुवातीला वाढत जातं. सगळा फायदाही त्यातच आणि सगळी भीतीही त्यातच.

कुठल्या कॅन्सरला चालते?

नेक्सकार१९ ची मंजुरी आहे बी सेल लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) आणि बी सेल एएलएल म्हणजे अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी, वय १५ आणि पुढे, आणि तेही आधीच्या ट्रीटमेंटला दाद दिली नसेल किंवा आजार परत आला असेल तरच. २०२५ च्या जानेवारीत बंगळुरूच्या इम्युनील कंपनीची कार्टेमी आली, तीही सीडी१९ वरचीच, ती बी सेल नॉन हॉजकिन लिम्फोमासाठी.

म्हणून फाइल उघडून पहिली गोष्ट बघायची ती बायोप्सीचा आयएचसी रिपोर्ट किंवा फ्लो सायटोमेट्रीचा रिपोर्ट (दोन्हींत पेशींवर कुठली प्रोटीन आहेत ते कळतं), त्यात सीडी१९ पॉझिटिव्ह लिहिलंय का. कोणी नुसतं "ब्लड कॅन्सर आहे" म्हणालं तर मला काहीच सांगता येत नाही. एएमएल म्हणजे अॅक्युट मायलॉइड ल्युकेमिया असेल तर हे नाही, टी सेल लिम्फोमा असेल तर नाही, हॉजकिन असेल तर नाही. मल्टिपल मायलोमाला वेगळं टार्गेट लागतं, बीसीएमए नावाचं, त्यावरच्या कार-टी अमेरिकेत २०२१ आणि २०२२ मध्ये मंजूर झाल्या, पण त्या वेगळ्या.

माझ्या काकांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. पैसे उभे करू, कार-टी होईल का?

नाही. हे उत्तर द्यायला मला कधीच बरं वाटत नाही पण गोल गोल बोलण्यात अर्थ नाही. फुप्फुस, स्तन, पोट, तोंड, यकृत अशा गाठीच्या कॅन्सरवर कार-टी अजून संशोधनातच आहे. अडचण दोन-तीन बाजूंनी आहे. गाठीवरचं प्रोटीन चांगल्या अवयवांवरही सापडतं, त्यामुळे मारा करायचा तर चांगलंही मरतं. बी पेशी संपल्या तर माणूस जगतो, फुप्फुस संपून चालत नाही. शिवाय टी पेशींना गाठीच्या आत शिरणंच अवघड जातं आणि शिरल्या तरी तिथलं वातावरण त्यांना थकवतं.

चीनमध्ये पोटाच्या कॅन्सरवर साट्री-सेल नावाच्या कार-टीची ट्रायल झाली, २०२५ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आली, गाठीच्या कॅन्सरवर कार-टीची ही पहिली रँडमाइज्ड ट्रायल (कोणाला कुठली ट्रीटमेंट ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं). आजार न वाढता गेलेला काळ नेहमीच्या औषधांवर १.७७ महिने होता तो ३.२५ महिने झाला. शास्त्राच्या दृष्टीने मोठी पायरी आहे, पण घर विकायला निघालेल्या माणसाने हे आकडे आधी बघावेत. काकांच्या बाबतीत ईजीएफआर, एएलके वगैरे म्युटेशन टेस्ट झाल्यात का हे विचारा, तिकडे खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोळ्या आहेत.

पूर्ण प्रोसेस किती दिवसांची? पहिल्या दिवसापासून सांगा.

आधी तपासण्या, पेट स्कॅन, हार्ट, किडनी, हिपॅटायटिस, एचआयव्ही सगळं. मग अफेरेसिस, म्हणजे मशीनला जोडून रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि बाकी रक्त परत शरीरात सोडायचं, काही तास बसून राहावं लागतं, प्लेटलेट देताना असतं तसलंच मशीन. ती पिशवी लॅबला जाते. तिथे टी पेशी निवडून, जाग्या करून, जीन घालून, वाढवून, मग निर्जंतुक आहे का वगैरे चाचण्या होऊन, गोठवून परत येते. यात साधारण तीन-चार आठवडे धरून चाला.

आणि हे आठवडेच जिवावर येतात. आजार थांबून थोडीच राहतो, म्हणून मधे थोडी केमो किंवा रेडिएशन देऊन दाबून ठेवतात, त्याला ब्रिजिंग म्हणतात. काही पेशंट या मधल्या काळातच हातातून जातात. बातमीत हे कोणी लिहीत नाही.

पेशी तयार झाल्या की अॅडमिट करून फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड अशी थोडे दिवस केमो देतात, आतली जुनी गर्दी कमी करून नव्या पेशींना जागा करायला. मग प्रत्यक्ष पेशी चढवायच्या. ते बघायला तर अगदीच निरस असतं, रक्ताची बाटली लावल्यासारखं, अर्धा तास, संपलं. नातेवाईक विचारतात "झालं एवढंच?" झालं नाही, आत्ता सुरू झालं.

साइड इफेक्ट काय? केमोसारखे केस जातात का?

केसांची काळजी सोडा. मोठे धोके वेगळे आहेत.

पहिला सायटोकाइन रिलीज सिंड्रोम, डॉक्टर नुसतं सीआरएस म्हणतात. नव्या पेशी कामाला लागल्या की शरीरात दाहाची रसायनं सुटतात, जोरदार ताप येतो, बीपी पडतं, ऑक्सिजन लागू शकतो. सौम्य सीआरएस बऱ्याच जणांना होतो, गंभीर थोड्यांना. त्यावर टोसिलिझुमॅब देतात, हो तेच, कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्यासाठी लोक दारोदार फिरत होते. हे औषध इथे कसं आलं त्याची गोष्ट फार भारी आहे. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला कार-टी दिली, ल्युकेमियासाठी ही थेरपी मिळालेलं जगातलं पहिलं मूल. ती आयसीयूत मरणाच्या दारात होती, रिपोर्टमध्ये आयएल-६ (त्या दाहाच्या रसायनांपैकीच एक) भलतंच वाढलेलं. ही कार-टी बनवणाऱ्या टीमचे डॉ. कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला लहान मुलांचा संधिवात होता म्हणून आयएल-६ अडवणारं हे संधिवाताचं औषध त्यांच्या डोक्यात होतं, ते दिलं आणि पोरगी वाचली. पुढे बरी झाली, मोठी झाली. तो दिवस फसला असता तर बहुतेक हे सगळं संशोधनच गुंडाळलं गेलं असतं.

दुसरा धोका मेंदूवरचा, आयकॅन्स. गोंधळल्यासारखं होणं, शब्द न आठवणं, हात थरथरणं, क्वचित फिट. हे पकडायची पद्धत एकदम साधी आहे, रोज पेशंटकडून एक वाक्य लिहून घेतात आणि वस्तूंची नावं विचारतात, अक्षर बिघडलं की डॉक्टर सावध. तुमचं माणूस मराठीत लिहिणारं असेल तर मराठीतच लिहू द्या, आणि जवळचं कोणीतरी तिथे असू द्या ज्याला त्याचं नेहमीचं अक्षर आणि बोलणं माहिती आहे. नर्सच्या आधी घरच्यांना कळतं.

तिसरं, रक्तातल्या पेशी खाली जाणं आणि इन्फेक्शन, हे लांबत जाऊ शकतं, आठवडे काय महिनेसुद्धा. चांगल्या बी पेशीही गेलेल्या असतात त्यामुळे अँटिबॉडी कमी होतात, काहींना मधून मधून आयव्हीआयजी (शिरेतून तयार अँटिबॉडी) लावावं लागतं आणि ते स्वस्त नाही, बजेटमध्ये धरा.

आपल्याकडच्या ट्रायलचे आकडे काय सांगतात?

मार्च २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत टाटा आणि आयआयटीच्या टीमचा पेपर आला. एकूण ६४ पेशंट, पैकी ५१ जणांचा परिणाम मोजता आला, त्यात ३६ लिम्फोमाचे आणि १५ एएलएलचे. ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. लक्षात घ्या की हे सगळे आधीच्या ट्रीटमेंट हरलेले पेशंट होते, त्यामुळे हा आकडा लहान नाही. पण प्रतिसाद म्हणजे आजार कमी झाला किंवा दिसेनासा झाला, तो कायम तसाच राहील असं नाही. काहींचा परत येतो, कधी टी पेशी थकून जातात म्हणून, कधी कॅन्सर सीडी१९ च टाकून देतो आणि मग ओळखताच येत नाही म्हणून.

त्याच पेपरमध्ये गंभीर अॅनिमिया ६१ टक्क्यांना, प्लेटलेट खूप खाली ६५ टक्क्यांना, न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) खाली ९६ टक्क्यांना. गंभीर सीआरएस आणि मेंदूचे त्रास मात्र बरेच कमी दिसले. ट्रीटमेंटमुळे दोन मृत्यूही झाले. मी हे मुद्दाम लिहितेय कारण बातम्यांत ७३ छापून येतं आणि हे दोन खाली कुठेतरी राहून जातात.

अमेरिकेत चार कोटी आणि इथे तीस-चाळीस लाख, एवढं स्वस्त कसं? क्वालिटी कमी आहे का?

क्वालिटीचा प्रश्न विचारणं रास्त आहे, त्याला उत्तर वरचा पेपर आहे. किमतीचं असं की अमेरिकेत २०१७ मध्ये पहिली कार-टी, किमरिया, आली तेव्हा लिस्ट प्राइस ४,७५,००० डॉलर होती, हॉस्पिटलचा खर्च वेगळाच. इथे रिसेप्टरची रचना स्वतःची केली (उंदराच्या अँटिबॉडीचा तुकडा माणसाच्या जवळ जाईल असा बदलून घेतला), जीन पोचवणारा लेंटिव्हायरस, जो सगळ्यात महाग कच्चा माल, तो इथेच बनवला, पेशी परदेशी पाठवायच्या नाहीत, आणि माणसांचे पगार भारतातले. वर सरकारी पैसा लागला, पहिल्या ट्रायलला बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेकडून सुमारे १९ कोटी मंजूर झाले होते. टाटासारखं हॉस्पिटल, जिथे पेशंटही आहेत आणि खारघरला अॅक्ट्रेकसारखी संशोधनाची जागाही, ते नसतं तर हे झालंच नसतं असं माझं मत. पहिल्या पेशंटला पेशी दिल्या त्याही अॅक्ट्रेकमध्येच, जून २०२१ ला, कोविड चालू असताना.

पण "स्वस्त" हा शब्द परभणीच्या शेतकऱ्यासमोर बोलून बघा. दहापट कमी झालं तरी तीस लाख हे तीस लाखच आहेत.

महात्मा फुले योजनेत बसतं का? मेडिक्लेम देतो का?

महात्मा फुले आणि आयुष्मान मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, त्यामुळे योजनेत काय बसतं काय नाही हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचाराच, पण हिशोबच पुरत नाही हे डोक्यात ठेवा. मेडिक्लेममध्ये पॉलिसीच्या कागदात "मॉडर्न ट्रीटमेंट" किंवा "अॅडव्हान्स्ड ट्रीटमेंट" चा सब-लिमिट शोधा, दहा लाखाची पॉलिसी असून अशा उपचारांना निम्म्याची मर्यादा घातलेली असते आणि ते शेवटच्या पानावर असतं. अॅडमिट व्हायच्या आधी लेखी प्री-ऑथ म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी घ्या, फोनवरच्या "होऊन जाईल सर" ला काही किंमत नाही.

बाकी वाटा त्याच, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान निधी, सिद्धिविनायक न्यास, टाटा ट्रस्टसारखे ट्रस्ट, क्राउडफंडिंग. प्रत्येकाला हॉस्पिटलचं एस्टिमेट लागतं आणि वेळ लागतो. टाटात असाल तर मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच आठवड्यात भेटा, शेवटच्या नाही.

आत्ता केमो चालू आहे. कार-टीचं कधी विचारायचं?

लवकर. हाच प्रश्न लोक उशिरा विचारतात आणि मला वाटतं या पूर्ण पानावरचा हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पेशी तुमच्या माणसाच्याच वापरायच्या आहेत, आणि पाच-सहा लाइन केमो (एक औषध फसलं की दुसरं, अशा फेऱ्या) झाल्यावर त्या टी पेशी दमलेल्या असतात. बेंडामस्टिन नावाचं लिम्फोमाचं औषध तर टी पेशींना खासच मारक, अफेरेसिसच्या आधीच्या काही महिन्यात ते झालं असेल तर पेशी नीट वाढत नाहीत. स्टिरॉइडही आधी थांबवावे लागतात.

तर आजार पहिल्यांदा परत आला की तेव्हाच डॉक्टरांना विचारा: "पुढे कार-टीची शक्यता ठेवायची असेल तर आत्ताचं औषध त्याला अडचण करेल का?" एवढं एक वाक्य. पैसे नसले तरी विचारा, कारण ट्रायल चालू असतात. वेल्लोरच्या सीएमसीमध्ये हॉस्पिटलच्याच आवारात पेशी बनवून देण्याची ट्रायल झाली, त्यात पाठवायचा आणि थांबायचा वेळ वाचतो.

बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) बरं की कार-टी?

एकाच्या बदल्यात दुसरं असं नेहमी नसतं. एएलएलमध्ये पुष्कळदा कार-टीने आजार खाली आणून मग बीएमटी करतात. बीएमटी आधी झालेली असली तरी कार-टी होऊ शकते. आणि हो, कार-टी म्हणजे स्टेम सेल थेरपी नाही. गुडघ्यापासून ऑटिझमपर्यंत सगळ्याला स्टेम सेल टोचणारी जी दुकानं आहेत त्यांच्याशी याचा काडीचा संबंध नाही.

व्हायरस एचआयव्हीपासून बनवतात म्हणे. एड्स होईल का?

होत नाही. लेंटिव्हायरसचं कुळ ते आहे हे खरं, पण रोग करणारे आणि स्वतःची पिल्लं काढणारे भाग काढून टाकलेले असतात, उरतं फक्त जीन आत नेऊन सोडायचं कसब. एक गंमत मात्र आहे, यानंतर एचआयव्हीच्या काही न्यूक्लिइक अॅसिड टेस्ट खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. गावी गेल्यावर ऑपरेशनच्या आधी कोणी टेस्ट केली आणि घरात हलकल्लोळ झाला असं नको, म्हणून डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा आणि डॉक्टरला आधीच सांगा. रक्तदान आणि अवयवदान मात्र यापुढे बंद.

याच्यामुळे दुसरा कॅन्सर होतो असं वाचलं.

होऊ शकतो, दुर्मिळ आहे. अमेरिकेच्या एफडीएने म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी जानेवारी २०२४ मध्ये टी पेशींच्या कॅन्सरचा इशारा लेबलवर छापायला लावला. तोपर्यंत २७,००० च्या वर डोस दिलेले आणि असे २२ रुग्ण नोंदलेले. आजार परत आलेल्या माणसासाठी हे गणित कुठल्या बाजूला झुकतं ते उघड आहे, पण फॉलोअप आयुष्यभर हा नियम त्यामुळेच.

ल्युपसला पण चालते का? बहिणीला बारा औषधं चालू आहेत.

हा प्रश्न आता वाढत चाललाय आणि इथे मला स्वतःला जास्त उत्सुकता आहे. ल्युपस म्हणजे शरीर स्वतःवरच हल्ला करतं तो आजार, त्यात बी पेशीच चुकीच्या अँटिबॉडी बनवतात, मग सीडी१९ ची कार-टी देऊन त्या सगळ्या पुसून टाकल्या तर? जर्मनीत एर्लांगेनला डॉ. गेऑर्ग शेट यांच्या टीमने २०२१ मध्ये एका तरुण मुलीवर हे केलं, आणि २०२४ मध्ये १५ पेशंटचा पेपर आला, त्यातले ८ ल्युपसचे, आठही जण रेमिशनमध्ये (आजार शांत) आणि औषधं बंद. नंतर ज्या बी पेशी परत आल्या त्या कोऱ्या होत्या. पंधराच माणसं आहेत हे विसरू नका, आणि भारतात ल्युपससाठी मंजुरी नाही. बहिणीची औषधं यातलं काही वाचून बंद करू नका प्लीज.

याच्याही पुढे, पेशी बाहेर न काढता शरीरातच कार-टी बनवायचं, सरळ इंजेक्शनने जीन टी पेशींपर्यंत पोचवायचा, यावर काम चालू आहे आणि मोठ्या कंपन्यांनी २०२५ मध्ये त्यात भरपूर पैसा ओतला. ते जमलं तर किमतीचा प्रश्नच बदलेल. फॉरवर्डमधलं "इंजेक्शन" तेव्हा कुठे खरं होईल.

डिस्चार्जनंतर लगेच गावी जाता येतं का?

नाही. हॉस्पिटलजवळच राहायचं, बहुतेक ठिकाणी चार आठवडे सांगतात. एफडीएने जून २०२५ मध्ये ही अट दोन आठवड्यांवर आणली, गाडी न चालवण्याची अटही आठ आठवड्यांची दोन केली, पण तुमचं हॉस्पिटल जे सांगेल तेच पाळा. अकोल्याहून रात्री ताप आला तर पोचणार कधी? मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागा आहेत आणि त्यांचे उपकार फेडता यायचे नाहीत, पण पहिल्या आठवड्यांत जमलं तर वेगळी खोली बघा, कारण गर्दीतलं इन्फेक्शन परवडणारं नाही. खारघरला काही जण दोन कुटुंबं मिळून फ्लॅट घेतात, ते बरं पडतं.

लसी? आणि भेटायला येणारे पाहुणे?

जिवंत लसी डॉक्टर सांगेपर्यंत बंद, बाकीच्या साधारण सहा महिन्यांनी अँटिबॉडीचे आकडे बघून. घरातल्यांनी फ्लूची लस घेऊन टाकावी. पाहुण्यांना सरळ नाही म्हणा, पेढे घेऊन आलेल्या आत्यालाही. राग आला तर येऊ दे, व्हिडिओ कॉल करा.